एकाच जागेवरून जुळणारी चित्रं : जॉर्ज रूस, वारिनी, डिबेट्स... आणि हे करायचं कसं?

कोरा_कागद

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, फोटोग्राफी हा ऐच्छिक विषय घेतलाय. ग्रंथालयात जॉर्ज रूस या फ्रेंच कलाकाराचे फोटो सापडले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीत. ओसाड इमारत, पोपडे निघालेल्या भिंती, मध्ये खांब आणि या सगळ्याच्या पुढे अधांतरी उभं असल्यासारखं एक सपाट रंगीत वर्तुळ. आधी वाटलं, संगणकावर वरून चिकटवलंय. खालचा मजकूर वाचला तर वर्तुळ खरोखर भिंती, खांब आणि जमीन यांवर रंगवलेलं आहे.

वार्षिक प्रकल्पासाठी असं काही करायचंय. प्रश्न तीन :

१. या वाटेने काम करणारे आणखी कोण? शोधायला गेलं की वीस नावं येतात आणि सगळ्यांना 'दृष्टिभ्रम' एवढंच लेबल असतं.

२. आखणी नेमकी कशी करतात? हाताशी क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स, तिपाई आणि विभागाचा वर्गात वापरायचा प्रोजेक्टर आहे. जागा म्हणजे १२ मीटर लांब, २.४ मीटर रुंद व्हरांडा. एका बाजूला भिंत, दुसरीकडे खांब आणि अंगण. भिंतीला रंग लावायची परवानगी नाही.

३. "हे फोटोशॉपमध्ये दहा मिनिटांत होतं" असं परीक्षक म्हणाले तर?

आडवी_खिडकी

आधी नावांचा गुंता सोडवू. कॅमेरा एका डोळ्याने, एका जागेवरून पाहतो. जवळचं आणि लांबचं त्याला एकाच सपाटीवर दिसतं. तुम्ही वाचलेली निम्मी नावं या एकाच गोष्टीचा फायदा उठवणाऱ्यांची आहेत. उरलेली वेगळ्या घरची आहेत, त्यांना यात कोंबू नका.

पहिलं घर तुमचंच. जॉर्ज रूस (जन्म १९४७, पॅरिस) पाडायला काढलेल्या इमारतींत रंगवतो आणि एका जागेवरून फोटो काढतो. इमारत पुढे बहुधा उरत नाही, फोटो हीच अंतिम कलाकृती. फेलिचे वारिनी (जन्म १९५२, लोकार्नो, स्वित्झर्लंड) तंत्र तेच वापरतो, पण त्याचं म्हणणं उलट आहे. त्याच्यासाठी ती जागा हीच कलाकृती. वर्तुळ जुळतं तो बिंदू ही फक्त सुरुवात, पुढे माणसाने फिरावं आणि आकार फुटताना पाहावा. २०१८ मध्ये त्याने फ्रान्समधल्या कार्कासोनच्या किल्ल्यावर पिवळी वर्तुळं केली होती, रंगाऐवजी पातळ धातूचा पत्रा चिकटवून. गावातल्या बऱ्याच लोकांना ती अजिबात रुचली नव्हती.

या दोघांच्या आधीचा माणूस म्हणजे यान डिबेट्स, डच, जन्म १९४१. १९६७ ते ६९ या काळात त्याने गवतावर दोरी टाकून आणि स्टुडिओच्या भिंतीवर रेषा मारून असे चौकोन केले, की ते प्रत्यक्षात समलंब आणि फोटोत चोख चौरस. विद्यार्थ्याने सुरुवात इथून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. रंगीबेरंगी काही नाही, पण कल्पना उघडी दिसते. अमेरिकेतल्या जॉन फॉलने १९७४ पासून खऱ्या निसर्गदृश्यांत पट्ट्या, दोऱ्या आणि फॉइल लावून हाच खेळ केला. त्याचं काम जास्त खट्याळ आहे.

याच घरात मागे गेलात तर होल्बाइनचं १५३३ चं 'द ॲम्बॅसेडर्स' लागेल. चित्राच्या तळाशी तिरकी कवटी आहे, ती चित्राच्या कडेला जवळजवळ चिकटून पाहिल्यावरच सरळ दिसते. रोमच्या सांत इन्यात्सिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सोने सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला आहे. त्या चर्चच्या फरशीत पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं त्याची संगमरवरी चकती बसवलेली आहे. तुमच्या प्रकल्पात जमिनीवर पावलांची खूण करणार असाल तर तिचे पूर्वज हे.

दुसरं घर जोडकामाचं. ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' केलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनचं 'फेडिंग अवे' आलं, पाच निगेटिव्हचं. जेरी युल्समन (१९३४-२०२२) डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर (निगेटिव्हमधून कागदावर चित्र पाडणारी यंत्रं) रांगेत ठेवून एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली न्यायचा. आपल्याकडे विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये आजोबा उमरावसिंग शेरगिल यांच्या जुन्या फोटोंमधून संगणकावर 'री-टेक ऑफ अमृता' ही मालिका घडवली. यात डोळ्याची फसवणूक हा मुद्दाच नाही, एका घराण्याच्या आठवणी नव्याने लावणं हा आहे.

तिसरं घर, खोटी वस्तू आणि खरा फोटो. थॉमस डेमांड पुठ्ठा आणि कागदाच्या खोल्या प्रत्यक्ष मापात बांधतो, फोटो काढतो आणि मॉडेल मोडून टाकतो. सँडी स्कोग्लंडचं १९८१ चं 'रिव्हेंज ऑफ द गोल्डफिश' याच जातीचं.

आणि एक जण या सगळ्यांच्या विरुद्ध बाजूला : डेव्हिड हॉकनी. एका बिंदूतून पाहणं त्याला पटत नव्हतं. १९८२ पासून त्याने पोलरॉइड जोडून जागा बदलत पाहण्याचे फोटो केले. एप्रिल १९८६ चं 'पेअरब्लॉसम हायवे' शेकडो फोटोंचं आहे. त्यातला रस्त्यावरचा 'स्टॉप'चा फलक समोरून दिसतो, कारण तो शिडीवर चढून जवळून टिपला आहे. रूसवर निबंध लिहिणार असाल तर हॉकनी शेजारी ठेवाच, नाहीतर लिखाण एकसुरी होईल.

भिंगवाला

क्र. २ चं उत्तर देतो. प्रोजेक्टर म्हणजे उलटा चालणारा कॅमेरा. कॅमेऱ्याचं भिंग जिथे होतं तिथेच प्रोजेक्टरचं भिंग आलं, की त्यातून पडलेली रेघ कितीही खांबांवर तुटली तरी त्या जागेवरून अखंडच दिसणार. सगळी मेहनत ही दोन भिंगं एका जागी आणण्याची आहे.

आधी लेन्सचा आकडा ठरवा. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो असतो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. वर्गातल्या प्रोजेक्टरचा तो साधारण १.५ ते २ असतो. थ्रो रेशोला सेन्सरच्या रुंदीने गुणा, तेवढी फोकल लेंग्थ (लेन्सच्या झूमवरचा मिमीचा आकडा). १.५ × २३.५ = ३५ मिमी. म्हणजे तुमची किट लेन्स ३५ वर ठेवली की कॅमेरा आणि प्रोजेक्टर जवळजवळ सारखंच क्षेत्र बघतील. १८ वर फोटो काढलात तर त्याच्या रुंदीचा अर्धा भाग प्रोजेक्टरच्या कक्षेबाहेर जाईल. ३५ वर आणल्यावर झूमच्या रिंगला टेप मारून टाका, नाहीतर काम संपेपर्यंत ती हलतेच.

कॅमेरा व्हरांड्याच्या तोंडाशी, मधोमध, जमिनीपासून १५० सेंमीवर, पाणसळीने सपाट. वर-खाली झुकवायचा नाही. भिंगाच्या पुढच्या काठावरून ओळंबा सोडून जमिनीवर फुली मारा आणि उंची टेपने मोजून लिहून ठेवा. छिद्र (ॲपर्चर) एफ/११, फोकस साडेपाच मीटरवर. या लेन्सला या सेटिंगवर पावणेतीन मीटरपासून पुढे सगळं धारदार मिळतं, त्यामुळे जवळचा खांब आणि शेवटची भिंत दोन्ही सुटत नाहीत. एफ/२२ वर जाऊ नका, सगळाच फोटो मऊ पडतो. लेन्सची वाकडेपणा दुरुस्ती कॅमेऱ्यात चालू ठेवा आणि शेवटच्या फोटोलाही तीच ठेवा.

हा रिकाम्या जागेचा फोटो जिम्प किंवा तत्सम फोटो-संपादनाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्यावर वेगळ्या लेयरवर (थरावर) वर्तुळ काढा. इथे एक खाच आहे. तुमच्या व्हरांड्याची एक बाजू उघडी आहे. आकाराचा जो भाग खांबांच्या मधल्या फटीवर येईल तो पडायला पृष्ठभागच नाही, तो अंगणात जाईल आणि वर्तुळाला भोक पडेल. एक तर आकार भिंत, जमीन, छत आणि टोकाची भिंत यांवर ढकला, किंवा खांबापर्यंत नेऊन तिथेच कापा. दोन मीटरच्या अंतराने उभे असलेले खांब लांबून एकमेकांना बरेच झाकतात, तो भाग वापरता येतो.

आता रात्र होऊ द्या. प्रोजेक्टर टेबलावर टेबल रचून फुलीवर आणा, भिंग त्याच उंचीवर. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी दुरुस्ती) शून्य, ऑटो कीस्टोन बंद. हा पर्याय चालू राहिला तर प्रोजेक्टर स्वतःच्या मर्जीने चित्र वाकडं करतो आणि चूक कुठे आहे ते शोधता शोधता पहाट होते. मग नुसतं वर्तुळ टाकू नका. आधी फोटोच टाका आणि फोटोतल्या कडा खऱ्या कडांवर बसवा. आधी टोकाच्या भिंतीचा दरवाजा बसवा, मग जवळचा खांब बघा. दरवाजा बसला पण खांब बसत नाही, तर प्रोजेक्टर सरकलेला आहे. दोन्ही एकदम बसले की जागा पक्की. त्यानंतर फोटोचा लेयर बंद, फक्त आकार चालू.

किती काटेकोर असावं लागतं? भिंग १ सेंमी आडवं सरकलं तर ४ मीटरवरच्या खांबावर टोकाच्या भिंतीच्या तुलनेत सुमारे ७ मिमीची खोट येते, आणि फोटोत तो तुटका सांधा साधारण १५ पिक्सेलचा दिसतो. मोठ्या प्रिंटवर तो लपत नाही. २-३ मिमीपर्यंत आणलंत की पुरे.

आकार पडला की शिसपेन्सिलने कडा आखा. टोकाच्या भिंतीवर कडा स्वच्छ मिळेल. बाजूच्या भिंतीवर प्रकाश फार तिरका पडतो. १२८० पिक्सेल रुंदीच्या प्रोजेक्टरचा एक पिक्सेल ४ मीटरवर भिंतीवर ७ मिमी लांब होतो, १० मीटरवर चार सेंमीच्या वर जातो. तिथे दिसतात त्या पायऱ्या. पायऱ्यांचा मध्य धरून ठिपके मारा आणि लांब पट्टीने किंवा वाकणाऱ्या प्लास्टिकच्या बीडिंगने जोडा. आखणाऱ्याची सावली पडते म्हणून त्याने प्रकाशाच्या बाजूने आत यायचं, समोरून नाही. दुसऱ्या कुणीतरी प्रोजेक्टरच्या भिंगाला लागून डोकं ठेवून, एक डोळा मिटून, "अर्धा इंच वर" असं सांगत राहायचं.

रूळपट्टी

+१. परवानगी नाही तर काय लावायचं त्याबद्दल. डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी काढताना रंगाचा पापुद्रा निघतो. आधी कोपऱ्यात खाली हातभर तुकडा एक रात्र लावून बघा. ऑइल पेंटवर मास्किंग टेप सुखरूप निघतो, पण दोन-तीन दिवसांच्या पुढे उन्हात राहिला तर गोंद मागे राहतो. मोठा भाग भरायचा असेल तर पांढरा न्यूजप्रिंट आधी पोस्टर कलरने रंगवून, वाळवून, आकारात कापून फक्त कडांना टेप. पतंगाचा कागद आणि खळ ही जोडी स्वस्त म्हणून मोहात पाडते, पण तो कागद ओला झाला की रंग सोडतो आणि भिंतीवर गुलाबी नकाशा राहतो. जमिनीवर रांगोळी उत्तम, झाडूने जाते. फक्त पंखे बंद आणि व्हरांड्यातला वारा बघून.

चकचकीत काही वापरू नका. तिरक्या कोनातून चमकदार पृष्ठभाग आकाश परावर्तित करतो आणि लाल पट्टा मध्येच पांढरा होतो.

त्याहून मोठी अडचण रंगाची. एकच लाल अंगणाच्या उजेडातल्या खांबावर फिका आणि आतल्या भिंतीवर काळपट दिसतो. कडा कितीही नेमक्या असल्या तरी आकार तिथे फुटतो, कारण डोळा आधी उजेडातला फरक पकडतो आणि मग त्याला पृष्ठभाग वेगळे कळतात. यावर दोन उपाय आहेत. ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळल्यावर लगेच फोटो काढा, त्या वेळी फरक कमी असतो. किंवा कॅमेऱ्याच्या जागेवरून स्पॉट मीटरने (एका लहान जागेचाच उजेड मोजणारी कॅमेऱ्यातली सोय) प्रत्येक तुकडा मोजा आणि अंधाऱ्या तुकड्यांचा कागद थोडा पांढरा मिसळून उजळ रंगवा. फरक तृतीयांश स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आत आला की सांधा विरतो. आधी लहान तुकड्यांवर चाचणी, मग सगळा कागद.

आणि प्रोजेक्टर मिळाला नाही, वीज गेली, विभागाने किल्ली दिली नाही, तर डिबेट्सचा चौरस करा. त्याला टेप आणि दोरी पुरते. आकडे देतो, पडताळून घ्या.

कॅमेरा १५० सेंमी उंच, पूर्ण सपाट, उभा धरलेला, लेन्स १८ मिमीवर. कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ३०० सेंमीवर जवळची बाजू, रुंदी ७५ सेंमी. ६०० सेंमीवर लांबची बाजू, रुंदी १५० सेंमी. दोन्हींचे मध्य एकाच रेषेत. जमिनीवर हा तीन मीटर लांब समलंब आहे, फोटोत चौरस. काटकोन तपासायला गुण्या नको, दोन्ही कर्ण ३२०.४ सेंमी आले की आखणी बरोबर.

यात बहुतेकांची फसगत रेषेच्या जाडीत होते. सगळीकडे सारखी पट्टी लावली तर आकार चौरस दिसतो, पण 'जमिनीवर पडलेला' दिसतो, उभा राहत नाही. जवळच्या टोकाला बाजूची रेघ २ सेंमी धरली तर लांबच्या टोकाला ती ४ सेंमी हवी, निमुळती कापून. जवळची आडवी पट्टी ४ सेंमी आणि लांबची आडवी पट्टी तब्बल १६ सेंमी. जमिनीवर ती १६ सेंमीची पट्टी बघून मनाला पटत नाही, पण तीच लागते. उभ्या दिशेचं आकसणं अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणून दुप्पट अंतराला चौपट.

कॅमेरा १० सेंमी उंच झाला तर चौरस सहा-सात टक्के उभट होतो. खाली झुकला तर खालची बाजू अरुंद पडते. चौरस फोटोत साधारण ११५० पिक्सेलचा येईल, कापून घ्यायला पुरेसा. मोबाइलवर करायचं तर १ एक्सचा मुख्य कॅमेरा वापरा. अतिरुंद कॅमेरा कडांना चित्र ताणतो आणि सॉफ्टवेअर ते परत ओढतं, त्यात मोजमाप हरवतं.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. डिबेट्सचा चौरस मास्किंग टेपने केला, कर्ण ३२०-३२१ आले, जुळला. प्रोजेक्टरने वर्तुळाची फक्त पेन्सिलची आखणी केली आहे. दोन गोष्टी खटकतात. खांबावरचा तुकडा भिंतीवरच्या तुकड्याला जुळतो, पण फोटोत वर्तुळ किंचित अंडाकृती येतं. आणि छताजवळ रेघ बाहेरच्या बाजूला फुगते. कॅमेरा परत फुलीवरच ठेवला होता.

भिंगवाला

सांधे तुटले तर जागा चुकली. सांधे शाबूत आहेत पण आकार बिघडला, तर दिशा चुकली. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे, म्हणजे पुन्हा आखायची गरज नाही.

त्या बिंदूतून निघणारे किरण बरोबरच आहेत. कॅमेरा मात्र पहिल्या फोटोच्या वेळी जिकडे बघत होता तिकडे आता बघत नाही, थोडा वळलाय किंवा झुकलाय. दिशा बदलली की तेच किरण सेन्सरवर तिरके पडतात आणि वर्तुळ लांबतं. पहिला फोटो लॅपटॉपवर उघडा, टोकाच्या दरवाजाचे चारही कोपरे फ्रेमच्या कडांपासून किती अंतरावर आहेत ते बघा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर, लाइव्ह व्ह्यूच्या जाळीवर तसेच आणा. तिपाईचं डोकं घट्ट करताना ते अर्धा अंश खाली बसतं, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा बघा.

कॅमेरा वळवताना भिंगाची जागाही सरकते, कारण तिपाईचा अक्ष भिंगातून जात नाही. ते तपासायची सोपी रीत : ६० सेंमीवर एक काठी आणि तिच्या मागे तीन-चार मीटरवर दुसरी, दोन्ही एका ओळीत. कॅमेरा उजवीकडे वळवा. जवळची काठी लांबच्या काठीच्या डावीकडे सरकली तर कॅमेरा प्लेटवर मागे घ्या, उजवीकडे सरकली तर पुढे. काठ्या सुटेनाशा झाल्या की अक्ष बरोबर भिंगाच्या प्रवेशछिद्राखाली (भिंगात समोरून दिसतं त्या छिद्राखाली) आहे. पॅनोरामावाले हेच करतात.

फुगणारी रेघ हे वेगळं दुखणं आहे. दोन फोटोंपैकी एकाला लेन्स दुरुस्ती लागली आणि दुसऱ्याला नाही, असं दिसतंय. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) उघडताना ती बऱ्याचदा आपोआप लागत नाही, जेपीईजीत लागते. दोन्ही फाइली एकाच पद्धतीने काढा, रेघ सरळ येईल.

अंधारखोली

प्रोजेक्टर, टेप सगळं ठीक आहे, पण या धाग्यात आबेलार्दो मोरेलचं नाव अजून आलेलं नाही याचं आश्चर्य वाटतं. जन्म हवाना, १९४८. १९९१ पासून तो खोल्या अंधाऱ्या करून खिडकीला छोटं भोक पाडतो. बाहेरचं शहर उलटं होऊन आतल्या पलंगावर आणि भिंतीवर पडतं, आणि तो या दोन्हींचा एक फोटो काढतो. सुरुवातीच्या फोटोंना फिल्मवर पाच ते दहा तासांचं एक्स्पोजर लागायचं. रंग नको, परवानगी नको, भिंतीला हात नको. तुमच्या अडचणींना हा कलाकार जास्त सोयीचा आहे, असं मला वाटतं.

करून बघायचं तर खोली अशी निवडा, की खिडकीपासून समोरची भिंत सुमारे ३ मीटर आणि बाहेरच्या दृश्यावर थेट ऊन. सूर्य खोलीच्या पाठीमागे हवा, म्हणजे सकाळी पश्चिमेकडची खिडकी. खिडकी काळ्या प्लास्टिकने दुहेरी झाका, फटी काळ्या टेपने बंद करा. दाराखालची फट सगळे विसरतात, तिथे चादर कोंबा. १० मिमीचं भोक जाड काळ्या कार्डात कापून लावा, प्लास्टिकमध्येच कापलं तर कड सुरकुतते. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या. चित्र तोवर दिसतच नाही आणि मुलं 'येत नाही' म्हणून पडदे काढतात.

३ मीटरला १० मिमी म्हणजे एफ/३००. भर उन्हात, पांढऱ्या भिंतीवर, कॅमेरा एफ/५.६ आणि आयएसओ ८०० वर ठेवून एका मिनिटापासून सुरू करा. भोक लहान केलं तर चित्र धारदार होतं पण फार अंधारतं. मोठं केलं तर उजळतं आणि विरघळतं.

यावर तोडगा चष्म्याच्या दुकानात मिळतो. +०.५० नंबरची न कापलेली काच मागा. तिची फोकल लेंग्थ २ मीटर, म्हणून भिंत किंवा पांढरा पडदा खिडकीपासून २ मीटरवर हवा. +०.२५ घेतली तर ४ मीटर. समोर २० मिमी भोकाचं कार्ड लावा. एफ/१०० झालं, म्हणजे आधीपेक्षा नऊपट उजेड आणि वर धारही. फक्त आता अंतर पक्कं झालं, भोकासारखं कुठेही चालत नाही. मोरेलनेही पुढे भिंग वापरलं आणि उलटं चित्र सुलटं करायला प्रिझम लावलं.

आडवी_खिडकी

तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. नुसता एक फोटो टांगलात, तर परीक्षकांचा आक्षेप बरोबरच आहे. त्या एका फोटोत आणि संगणकावर काढलेल्या वर्तुळात बघणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि तो त्याने मानून घ्यावा अशी अपेक्षा ठेवायची नसते. शिवाय तुमची आखणीही जिम्पमध्ये झाली आहे, ते लपवू नका. आंद्रेआस गुर्स्कीचं 'ऱ्हाइन २' (१९९९) नदीकाठची इमारत आणि माणसं संगणकावर पुसून झालेलं आहे. २०११ मध्ये ते ४३ लाख डॉलरला विकलं गेलं. संगणक लागला म्हणून कुणी ते परत केलं नाही.

भिंगवाला

थोडा मतभेद. रूस एकच फोटो टांगतो आणि तो पुरतो. त्याच्या फोटोत पोपडे, खांबाची कड आणि रंगाखालून दिसणारी वीट एवढ्या बारकाव्याने येतात, की जवळ गेलं की कळतंच.

आडवी_खिडकी

रूसच्या प्रिंटवर ते कळतं, ए-फोर आकाराच्या कॉलेजच्या प्रिंटवर नाही. म्हणून : मुख्य फोटो किमान २४ × १६ इंच. तुमच्या फाइलचे ६००० पिक्सेल तिथे इंचाला २५० पडतात, पेन्सिलची खूणही वाचता येते. शेजारी, बराच लहान, त्याच कामाचा दोन मीटर बाजूने काढलेला फोटो, ज्यात वर्तुळाच्या चिंधड्या झालेल्या दिसतात. तिसरा नको, प्रात्यक्षिकवहीसारखं दिसायला लागतं.

आणि व्हरांड्यातलं काम परीक्षेच्या दिवसापर्यंत ठेवता आलं तर ठेवा. जमिनीवरच्या फुलीवर उभं राहून एक डोळा मिटून बघायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असले की जवळच्या खांबाचं अंतर लगेच कळतं आणि भ्रम ढिला पडतो. सगळ्यांची उंची सारखी नसते, म्हणून नुसती पावलांची खूण पुरत नाही. एका स्टँडवर पुठ्ठ्याला दोन सेंमीचं भोक पाडून ते बरोबर १५० सेंमीवर, भिंगाच्या जागी बसवा. उंच माणूस वाकेल, बुटक्यासाठी खाली पाट ठेवा.

कोरा_कागद

भोकाचा पुठ्ठा करतो. शेवटची शंका : परीक्षा दुपारी दोनला आहे आणि तेव्हा अंगणातलं ऊन थेट खांबांवर येतं.

रूळपट्टी

मग खांबांच्या बाहेरच्या बाजूने मांजरपाट बांधा, छतापासून जमिनीपर्यंत. ऊन गाळून येतं आणि फरक बराच कमी होतो. त्याच उजेडात, त्याच वेळेला, आदल्या दिवशी स्पॉट मीटरने सगळे तुकडे मोजून कागद रंगवा. कापड परीक्षेच्या सकाळी बांधायचं ठेवलंत तर रंग परत जुळवावे लागतील. आणि मांजरपाट पांढराच घ्या, भगवा किंवा हिरवा घेतला तर सगळा व्हरांडा त्या रंगाचा होतो.